बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिनलंड: पहिल्यांदाच मोटरहोम भाड्याने घेणाऱ्यांसाठी

फिनलंडच्या सहलीतलं आमचं पहिलं भांडण रस्ता चुकल्यावरून झालं नाही, संडासाची टाकी कोण रिकामी करणार यावरून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा लाल दिवा लागला. नवरा, मी आणि सोळा वर्षांचा मुलगा एकमेकांकडे बघत उभे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "हातमोजे आणा इकडे. चाळीत वाढलेय मी."

हे आधीच सांगते, कारण मोटरहोमचे, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचे, फोटो बघताना डोळ्यांपुढे फक्त तळं, जंगल आणि दारात टाकलेली खुर्ची येते. प्रत्यक्षात तुम्ही एक छोटं घर चालवत असता. त्या घराला पाणी लागतं, गॅस लागतो, सांडपाणी सोडावं लागतं आणि वर ते घर परक्या देशात उजव्या बाजूने हाकावं लागतं. जमतं सगळं. आम्ही चौघं जूनच्या सुरुवातीला दहा दिवस फिरलो. आधी कोणीतरी सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

1. कधी जायचं

फिनलंडमध्ये जुलै हा सुट्टीचा महिना. तळी पोहण्याइतकी तापलेली असतात, सगळं उघडं असतं आणि भाडंही सगळ्यात चढं असतं. त्यांच्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि त्यानंतर बऱ्याच कॅम्पिंगच्या जागा सेवा कमी करतात किंवा बंदच होतात. सप्टेंबरात उत्तरेला पानांचे रंग बदलतात. तो सोहळा पाहण्यासारखा असला तरी रात्री गारठ्याच्या असतात. पहिल्या खेपेला ते नको.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून आम्हाला जूनची सुरुवात सोयीची पडली. भाडं जुलैपेक्षा कमी, गर्दी नाही, डास नुकते जागे होत असलेले आणि रात्री साडेदहापर्यंत उजेड. पाणी मात्र बर्फासारखं. रात्री पारा 6-7 अंशांवर येतो, पण गाडीत हीटर असतो.

एक सापळा: जूनच्या 20 ते 26 या तारखांमध्ये जो शनिवार येतो तो त्यांचा युहान्नुस, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण. आदल्या दिवसापासून शहरं ओस पडतात, दुकानांच्या वेळा कमी होतात आणि तळ्याकाठच्या जागा महिनोन्महिने आधी भरलेल्या असतात. त्या आठवड्यात जात असाल तर जागा आणि किराणा दोन्ही आधी बघून ठेवा.

2. कागदपत्रं, आणि त्यांचा क्रम

इथे क्रम चुकला की पैसे जातात. आधी गाडी आणि मुक्काम बुक करा, पण रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशा अटीवर. मग व्हिसा. शेवटी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना.

फिनलंडला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. "हॉटेलची बुकिंगं नाहीत, मग राहणार कुठे दाखवायचं?" हा प्रश्न आम्हालाही पडला होता. आम्ही गाडीचा भाडेकरार, चार कॅम्पिंगच्या जागांची बुकिंगं आणि दिवसवार मार्ग असा एक पानाचा तक्ता जोडला. कोणी काही विचारलं नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यासाठी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा आणि आरटीओत कागद दाखवायचे. शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. आमच्याकडे पासपोर्टबरोबर व्हिसाची प्रतही मागितली, म्हणून तो व्हिसानंतर. हा परवाना म्हणजे एक छोटं पुस्तक, पण ते एकटं कामाचं नाही. मूळ भारतीय परवाना बरोबर हवाच.

आता यादी:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा
- किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा
- मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना, जो जो गाडी चालवणार त्या प्रत्येकाचा
- चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड
- भाडेकरार आणि बुकिंगच्या छापील प्रती

कार्डाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या शेजारच्या काउंटरवरचं एक जोडपं याच कारणाने तासभर अडकलं होतं. गाडी नवऱ्याच्या नावावर, कार्ड बायकोच्या. अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. ती हजार-दीड हजार युरो किंवा त्याहून जास्त असू शकते, आणि डेबिट कार्ड सहसा घेत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, मर्यादा तपासा आणि क्रेडिट कार्डाचा पिन पाठ करा. एरवी तो कोणाला आठवतोय! फिनलंडमधले बरेच डिझेल पंप माणसाविना चालतात आणि पिनशिवाय एक थेंब देत नाहीत.

3. गाडी निवडताना: खाटा मोजू नका, पट्टे मोजा

"सहा जणांची गाडी" असं लिहिलेलं असतं तेव्हा सहा जण झोपू शकतात एवढाच त्याचा अर्थ. सीटबेल्ट असलेल्या जागा चारच असू शकतात. चालत्या गाडीत प्रत्येकाला पट्टा लागतो आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळी सीट लागते. ती आधी मागून ठेवा.

दुसरी गोष्ट वजनाची. आपल्याकडे हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते. त्या समजुतीत राहू नका. तिकडे साध्या कारच्या परवान्याची, म्हणजे 'बी' वर्गाची, हद्द 3,500 किलो, आणि हे वजन भरलेल्या गाडीचं, म्हणजे माणसं, बॅगा, डिझेल, पाणी सगळं धरून. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. त्यामुळे कडक कवचाच्या चार मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका. वजन सोडाच, त्या ठेवायला जागाच नसते. मऊ पिशव्या न्या, रिकाम्या झाल्या की घडी होते.

किलोमीटरची मर्यादा, दुसऱ्या चालकाचे पैसे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, शेवटची साफसफाई: हे भाड्यात आहे की वेगळं, ते लेखी विचारा. विम्यात अपघात झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार हा आकडा बघा आणि तो कमी करणारा जादा विमा परवडत असेल तर घ्या. का, ते पुढे सांगते.

4. ताबा घेताना घाई करू नका

विमानातून उतरून थेट स्टिअरिंगवर बसू नका. एक रात्र हेलसिंकीत झोपा. फिनलंडची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे झोप फारशी मोडत नाही. पण दमलेल्या डोक्याला उजवी बाजू सुचत नाही.

गाडी दाखवणारा मुलगा वीस मिनिटांत सगळं उरकून टाकतो. फोनवर त्याचा व्हिडिओ काढा. मान हलवलेली असते, पण रात्री पाण्याचा पंप सुरू होत नाही तेव्हा बटण आठवत नाही. गाडीच्या चारही बाजू, छत, खिडक्या आणि बाहेरची ताडपत्री यांचे फोटो काढा. त्याच्यासमोर प्रत्येक झाकण उघडून बघा. एकाच बाजूला डिझेलचं, निळं अॅडब्लूचं (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) आणि पिण्याच्या पाण्याचं अशी झाकणं असू शकतात. पाण्याच्या टाकीत डिझेल ओतणारे तुमच्याआधी पुष्कळ होऊन गेलेत.

गाडीची उंची कागदावर लिहून काचेपाशी चिकटवा. आमची तीन मीटरच्या जवळपास होती. पंपावरचं छप्पर, दुकानाखालचं पार्किंग आणि झाडाची फांदी दिसली की हा आकडा आठवायला हवा.

5. बॅगेत काय, आणि काय नाही

तूप नाही. पेढे, बर्फी, चक्का नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताज्या कढीपत्त्याच्या जुड्याही ठेवून द्या, ताज्या वनस्पतींना प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चहा खुशाल न्या. तांदूळ, लाल मसूर, बटाटे, कांदे, दही, लोणी तिथल्या मोठ्या दुकानांत मिळतं. प्रिझ्मा, के-सिटीमार्केट आणि लिडल ही नावं लक्षात ठेवा.

कुकर नेला तर छोटा न्या. पुंकाहार्यू नावाच्या गावाजवळच्या एका कॅम्पिंगवर रात्री आठ वाजता आमच्या खिचडीची तिसरी शिट्टी झाली, आणि शेजारच्या गाडीतले आजोबा चपला न घालताच बाहेर आले. त्यांना वाटलं गॅसचं काहीतरी फुटलं. त्यांना खिचडी दिली. त्यांनी मीठ कमी आहे असं खुणेने सांगितलं, जे खरं होतं. आणि फोडणी? गाडीत करूच नका. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म ओरडतो. कॅम्पिंगच्या जागांवर सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे फोडणी, इथे जेवण.

शिवाय डोळ्यांवर बांधायची पट्टी, डासांचं मलम, रबरी हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा.

6. रस्त्यावर

रस्ते गुळगुळीत आणि मोकळे. टोल कुठेच नाही. गाडीचे दिवे भर दुपारीही लावलेले हवेत. वस्तीत वेग 50, वस्तीबाहेर पाटी नसेल तर 80. महामार्गावर 120 ची पाटी दिसेल, ती आपल्यासाठी नाही असं समजा. उंच गाडीला वारा ढकलतो, 80-90 ला गाडी आणि कपाटातल्या बश्या दोन्ही शांत राहतात. वेगाचे कॅमेरे खांबांवर जागोजागी आहेत. मर्यादेपेक्षा 20 किलोमीटरहून जास्त वेगात सापडलात तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो.

पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आम्ही हे दोनदा विसरलो. दोन्ही वेळा समोरच्याने हॉर्न वाजवला नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

मूस म्हणजे मोठं सांबर समजा, घोड्याएवढं उंच. त्याच्या चित्राची पिवळी त्रिकोणी पाटी दिसली की खरोखर वेग कमी करा, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. धडक झालीच तर 112 वर कळवणं बंधनकारक आहे. 112 चं फिनिश अॅप फोनवर घालून ठेवा, ते तुमची जागा आपोआप सांगतं. जंगलात पत्ता काय सांगणार?

वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर झोकतो. चाकांच्या मागे दीड-दोन मीटर घर लटकत असतं. सावोनलिन्ना या गावाच्या अलीकडे एका कॅम्पिंगवर नवऱ्याने डावीकडे झकास वळण घेतलं आणि मागच्या उजव्या कोपऱ्याने लाकडी खांब चाटला. वीतभर ओरखडा, आणि परत देताना 400 युरो गेले. तेव्हापासून मागे घेताना आणि अरुंद वळणावर मुलगा खाली उतरून उभा राहायचा. एक माणूस खाली, हा नियमच करा.

डिझेल भरताना नळीवर नुसतं 'डिझेल' लिहिलंय ना ते बघा. नावात 'पोल्त्तोओल्यु' आलं की ते शेतीची यंत्रं, होड्या आणि घर तापवण्याचं रंगवलेलं स्वस्त तेल. रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर जबर आकार बसतो. आणि पंपावर कार्ड घातल्यावर मोठी रक्कम अडकलेली दिसली तर दचकू नका, भरलं तेवढंच शेवटी कापलं जातं.

गावात बऱ्याच ठिकाणी गाडी उभी करताना काचेवर निळी पार्किंगची चकती लावायची असते. पोचल्याची वेळ पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण तासावर फिरवून ठेवायची.

7. रात्री कुठे थांबायचं

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. फिनलंडमध्ये 'योकामिएहेन-ओइकेउस' नावाचा सर्वांचा हक्क आहे. कोणाच्याही जंगलातून चालावं, बेरी आणि अळंबी वेचावी, तळ्यात पोहावं, एखादी रात्र तंबू ठोकावा. लोक यावरून समजतात की मोटरहोमही कुठेही लावता येतो. नाही. हा हक्क पायी फिरणाऱ्याचा आहे, इंजिनाचा नाही. खासगी जमिनीत गाडी घालायला मालकाची परवानगी लागते. उघड्यावर शेकोटी पेटवायलाही लागते, आणि वणव्याचा इशारा असेल तर परवानगी असूनही पेटवायची नाही.

म्हणून कॅम्पिंगच्या जागा, पाटीवर 'लेइरिंताआलुए'. विजेसह रात्रीला साधारण 30 ते 45 युरो. त्यात गरम पाण्याची आंघोळ, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र आणि बहुतेक ठिकाणी तळ्याकाठी सौना, म्हणजे कडक गरम वाफेची खोली. सौनात बायकांची आणि पुरुषांची वेळ वेगळी असते. आधी अंग धुवायचं, कपडे बाहेर ठेवायचे, बसायला छोटा टॉवेल न्यायचा. सासूबाई पहिल्या दिवशी "शी, काहीतरीच" म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून बायकांच्या वेळेचं वेळापत्रक त्यांच्याकडेच असायचं.

8. पाणी, वीज, गॅस आणि ती टाकी

तीन शब्द पाठ करा. 'युओमावेसी' म्हणजे पिण्याचं पाणी. 'हार्मावेसी' म्हणजे बेसिन आणि न्हाणीचं सांडपाणी. 'तिह्येन्निस' म्हणजे रिकामं करण्याची जागा. पिण्याच्या पाण्याची नळी आणि संडासाची टाकी धुण्याची नळी शेजारीशेजारी असू शकतात. पाटी वाचल्याशिवाय हात लावू नका.

विजेची केबल रिळावरून पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली केबल तापते. गाडी चालू असताना सिलिंडरचा झडप बंद. फ्रिज चालत्या गाडीत बॅटरीवर, मुक्कामी विजेवर आणि वीज नसेल तिथे गॅसवर. हे बदलायला विसरलात की सकाळी दूध नासलेलं. गाडी सपाट उभी नसेल तर चाकाखाली पाचर घाला. नाहीतर रात्रभर सगळं कुटुंब एका भिंतीकडे घसरत राहतं.

आता टाकी. ती बाहेरून एका छोट्या दारातून ओढून काढायची असते. आधी आतून संडासाची झडप बंद करा, नाहीतर बाहेर निघतच नाही. चाकं असतात, ओढत न्या. ओतण्याची तोटी बाहेर वळवा, झाकण काढा आणि ओतताना टाकीवरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. आम्हाला हे बटण तिसऱ्या खेपेला सापडलं. त्याशिवाय टाकी गुळगुळ करत उसळते आणि बूट धुवावे लागतात. मग दोनदा विसळा, थोडं पाणी आणि निळं औषध घाला, परत बसवा. चार माणसांना दर दोन दिवसांनी हे करावं लागतं. लाल दिव्याची वाट बघू नका. शक्य तेव्हा कॅम्पिंगचा संडास वापरा, म्हणजे हे काम निम्म्यावर येतं.

9. मार्ग: निम्मा कापा

आमच्या पहिल्या आराखड्यात उत्तरेचं रोवानिएमी शहर होतं. हेलसिंकीहून ते एका बाजूने 800 किलोमीटरच्या वर. घर घेऊन रोज 300 किलोमीटर धावायचं असेल तर हॉटेल काय वाईट? उत्तर सोडून दिली आणि सहल सुधारली. दहा दिवसांत जेमतेम साडेअकराशे किलोमीटर, एका जागी शक्यतो दोन रात्री.

हेलसिंकीहून लाप्पेनरान्ता, तिथून इमात्राच्या धबधब्यावरून पुंकाहार्यू. सायमा या सगळ्यात मोठ्या तळ्याच्या पाण्यातून जमिनीची एक अरुंद धार जाते, दोन्ही बाजूंना पाणी आणि वर पाइनची झाडं. पुढे सावोनलिन्ना. पाण्यातला ओलाविनलिन्ना किल्ला 1475 मधला, जुलैत तिथे ऑपेरा महोत्सव असतो. जंजिरा पाहिलेल्या माणसाला हा किल्ला छोटा वाटेल, पण पाण्यातून उठलेल्या भिंती बघून नवऱ्याचा हात नकळत खिशातल्या फोनकडे गेला.

ओराव्हीहून होडीने लिन्नान्सारी राष्ट्रीय उद्यान. सायमातला गोड्या पाण्यातला सील, ज्याला ते नोर्प्पा म्हणतात, जगात फक्त इथेच आहे, साधारण 500. मे आणि जूनच्या सुरुवातीला तो अंगावरचे जुने केस झाडायला खडकावर येऊन पडतो. होडीवाल्याने बोट दाखवलं तिथे आम्हाला दगड दिसत होता. मग दगडाने मान वळवली. त्याला मिशा होत्या.

तिथून कोली. 347 मीटरची टेकडी, सह्याद्रीच्या हिशोबाने काहीच नाही, पण वरून पिएलिनेन तळं आणि त्यातली बेटं दिसतात. मग कुओपिओ, य्युव्हास्क्युला आणि परत. कुओपिओच्या बाजारातला कालाकुक्को म्हणजे राय नावाच्या धान्याच्या भाकरीत भाजलेले मासे. त्यात डुकराची चरबीही असते, न खाणाऱ्यांनी सांभाळा. रायच्याच पातळ पोळीत तांदळाची खीर भरलेली कार्यालान्पीराक्का शाकाहाऱ्यांना चालेल. वर अंडं घातलेलं लोणी लावतात, नको असेल तर आधी सांगा.

रस्त्यात पाणी आलं आणि पिवळी फेरीबोट दिसली तर पैसे शोधू नका, ती रस्त्याचाच भाग आहे आणि फुकट आहे. रशियाच्या हद्दीकडे मात्र फोनवरच्या नकाशाच्या नादी लागून जंगलातल्या रस्त्याने जाऊ नका. सीमेलगतचा पट्टा पिवळ्या पाट्यांनी दाखवलेला असतो आणि परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकणं गुन्हा आहे. इमात्रापासून हद्द अगदी जवळ आहे.

10. परत देताना

आदली रात्र हेलसिंकीपासून तासाभराच्या आत काढा. परत द्यायची वेळ बहुधा दुपारच्या आधीची असते, आणि सकाळीच झाडू, ओटा, दोन्ही टाक्या, डिझेल असं सगळं करायचं असतं. डिझेलची पावती ठेवा. पेयांच्या साठलेल्या रिकाम्या बाटल्या आणि डबे दुकानातल्या यंत्रात घाला, डब्याचे 15 सेंट परत मिळतात. आमच्या मुलाने त्यातून शेवटच्या दिवशी सगळ्यांना कॉफी पाजली.

गाडी तपासणाऱ्या बाईंनी आधी टायर बघितले नाहीत, टाकीचं छोटं दार उघडलं, वाकून बघितलं आणि समाधानाने बंद केलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ओरखडा त्यांना त्यानंतर दिसला.

हिशोबाचा कागद सहीसकट घ्या. उरलेली अनामत कार्डावर लगेच दिसत नाही, आमची बारा दिवसांनी मोकळी झाली. तोवर बँकेला फोन करत बसू नका.